प्राइम९५ : सॉफ्टवेअर फुकट, वीज नाही

आधी पैशांचं बोलू. ‘फुकट’ हा शब्द वाचून लोक प्राइम९५ हे प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतात आणि दुसऱ्या बिलाला काढून टाकतात. सॉफ्टवेअरला खरोखरच एक रुपया पडत नाही. जाहिराती नाहीत, सबस्क्रिप्शन नाही, खातं उघडायची सक्तीही नाही. पण ते प्रोसेसरला चोवीस तास औताला जुंपतं. ते सुरू केल्यावर सॉकेटवर १०० वॉट वाढले तर महिन्याला ७२ युनिट जातात, १५० वाढले तर १०८. मुंबईत बेस्ट असो, अदानी, टाटा की मुलुंड-भांडुपकडची महावितरण, घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो. त्यामुळे सरासरी दराने हिशेब करू नका. घराचं बिल आधीच २६० युनिटांवर असेल तर नवे ७२ युनिट ३०० ची पायरी ओलांडतात आणि शेवटचे ३२ वरच्या दराने लागतात. मे महिन्यात एसीमुळे घर ४०० वर असेल तर सगळेच्या सगळे ७२ महाग पडतात. बिलावर तुमची सर्वात वरची पायरी कोणती ते बघा, तो दर धरून गुणा, आणि तो आकडा पटला तरच पुढे वाचा.

आता हे करतं काय ते. २ चा कुठलाही घात घेऊन त्यातून १ वजा केला की जी संख्या मिळते तिला सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने मर्सेन संख्या म्हणतात. ती मूळ असायची तर घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतात २३ गुणिले ८९. अशा संख्यांमधून मूळ संख्या वेचून काढायचा उपक्रम म्हणजे गिम्प्स. जॉर्ज वोल्टमन यांनी तो १९९६ साली सुरू केला आणि प्राइम९५ हे त्यांनीच लिहिलेलं त्याचं मुख्य हत्यार. आजवर ५२ मर्सेन मूळ संख्या माहीत आहेत. बावन्नावी ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

ती घरच्या पीसीवर सापडलेली नाही. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियात काम केलेल्या ल्यूक ड्युरंट यांनी जगभरच्या डेटा सेंटरांतले जीपीयू (ग्राफिक्स चिप) भाड्याने घेऊन शोध चालवला होता आणि डब्लिनमधल्या एका ए१०० कार्डाने कौल दिला. मग आपल्या चार कोअरच्या मशीनला काय संधी? हे सॉफ्टवेअर ती स्वतःच सांगतं. ‘टेस्ट’ मेनूत ‘स्टेटस’ उघडलं की हातात असलेला घातांक मूळ संख्या देण्याची शक्यता दिसते. सध्याच्या आकारांना ती दहा लाखांत एकच्या आसपास असते. एका चाचणीला दोन आठवडे धरले तर वर्षाला २६ चाचण्या होतात. म्हणजे सरासरी अडतीस हजार वर्षांनी तुमचा नंबर लागेल. लॉटरी म्हणून हे घेऊ नये. बक्षीस ३,००० डॉलरचं आहे. दहा कोटी अंकी मूळ संख्येवर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेचं दीड लाख डॉलरचं इनाम आहे आणि शोधणाऱ्याच्या वाट्याला त्यातले ५०,००० येतात. पण त्यासाठी ३३ कोटींच्या वरचा घातांक तपासावा लागतो. तिथे चाचणीतल्या गणिताच्या फेऱ्या अडीचपट होतात, प्रत्येक फेरीही तितकीच लांबते, आणि दोन आठवड्यांचं काम तीन महिन्यांवर जातं. त्या वाटेला जाऊ नका.

मग घ्यायचं कशासाठी? आमच्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वात मोठा गुण असा, की त्याचा तुमच्या मशीनवर काडीचा विश्वास नाही.

चाचणी कशी चालते ते बघितलं की हे कळतं. ३ पासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग करायचा. जेवढा घातांक तेवढ्या फेऱ्या. म्हणजे चार कोटी अंकी संख्येचा वर्ग साडेतेरा कोटी वेळा. भागाकार फार महाग पडत नाही, कारण मर्सेन संख्येने भागणं म्हणजे बिट सरकवून बेरीज करणं, आणि विक्रमी मूळ संख्या बहुतेक वेळा याच जातीच्या असतात त्याचं कारणही हेच. वर्ग करायला एफएफटी ही प्रचंड संख्यांचा गुणाकार झटपट करणारी पद्धत वापरतात. (मूळ संख्या ओळखायची आयआयटी कानपूरची २००२ ची एकेएस पद्धत का नाही, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. ती सिद्धान्त म्हणून मोठी आहे, पण एवढ्या आकाराला व्यवहारात फार संथ.) पहिल्या दिवशी रॅममधला एक बिट उलटला तर पुढचे चौदा दिवस नुसती वीज जाळली. पूर्वी म्हणूनच प्रत्येक घातांक दुसऱ्या मशीनवर पहिल्यापासून पुन्हा तपासावा लागे. आता रॉबर्ट गेर्बिच यांची चूक पकडायची युक्ती आत बसवलेली आहे. ठराविक फेऱ्यांनंतर ताळा घेतला जातो, आणि जुळला नाही तर काम शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर मागे जाऊन तिथून पुढे सुरू होतं. त्यासाठी जादा वेळ जवळपास लागत नाही.

काम संपलं की गिम्प्सच्या सर्व्हरकडे पुरावा जातो. त्यासाठी चाचणी चालू असताना मधल्या २५६ टप्प्यांवरचे शेष (उरलेली बाकी) डिस्कवर साठवले जातात. एक शेष म्हणजे घातांकाएवढे बिट, १३.६ कोटींना सुमारे १७ एमबी. २५६ शेषांना ४.३५ जीबी मोकळी जागा हवी. शेवटी त्यातून नऊ शेषांएवढी, साधारण १५३ एमबीची फाइल तयार होऊन अपलोड होते. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर हे आधीच लक्षात घ्या. पडताळणारं मशीन मूळ कामाच्या फक्त २५६ व्या भागात तुमचा निकाल खरा की खोटा ते सांगतं. भरत आलेल्या छोट्या एसएसडीवर ‘रिसोर्स लिमिट्स’ या सेटिंगमध्ये जागा कमी देता येते. मग शेष निम्मे होतात आणि पडताळणाऱ्याचं काम दुप्पट. आपल्या चाचणीचा वेग तोच राहतो.

बसवणं सोपं आहे, पण दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. इन्स्टॉलर नाही, झिप उघडून आतली फाइल चालवायची. फोल्डर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवलं तर विंडोज तिथे लिहू देत नाही आणि प्रगती साठत नाही. वनड्राइव्हवर सिंक होणाऱ्या डेस्कटॉपवर ठेवलं तर त्याहून वाईट : दर अर्ध्या तासाला बदलणारी १७ एमबीची फाइल आणि ती ४.३५ जीबीची शेषांची फाइल दिवसभर क्लाउडवर चढत राहते. डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करा. पहिल्यांदा चालू केल्यावर ते विचारतं, गिम्प्समध्ये सामील व्हायचंय की नुसती मशीनची चाचणी घ्यायचीय. सामील झालात की नव्या मशीनला आधी बहुधा जुन्या निकालांची फेरतपासणी मिळते. नाराज होऊ नका, तो मशीनचा इंटरव्ह्यू आहे.

वर्कर, म्हणजे एका वेळी एकेक घातांक तपासणारे कामगार, किती ठेवायचे? साध्या डेस्कटॉपवर एकच, सगळे कोअर त्याच्या हाताखाली. चार कोअरना चार वेगळे घातांक दिले की चारही रॅमच्या दाराशी रांग लावतात. एका कोअरला दोन भासवणाऱ्या हायपरथ्रेडिंगचा इथे फायदा नाही, उष्णता तेवढी वाढते. रॅमच्या रांगेचं कारण असं : या आकाराच्या घातांकाला सत्तर लाखांहून जास्त आकड्यांचा एफएफटी लागतो. प्रत्येक आकड्याला आठ बाइट धरले की ५६ एमबीच्या वर झाले. मध्यम प्रोसेसरच्या कॅशमध्ये (चिपच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत) एवढं मावत नाही, म्हणून प्रत्येक फेरीला रॅमकडे धावावं लागतं. इथे वेग ठरवते रॅम. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर मशीन अर्ध्या रस्त्यावर चालतंय. ८ जीबीच्या दोन जुळ्या स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की फरक त्याच दिवशी दिसतो. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात खर्च करायचाच असेल तर नव्या प्रोसेसरआधी यावर करा.

तो फरक दिसतो वर्कर विंडोत. थोड्या थोड्या वेळाने तिथे एक ओळ उमटते : कितवी फेरी, किती टक्के, एका फेरीला किती मिलिसेकंद, कधी संपेल. नजर ठेवायची ती मिलिसेकंदांवर. साडेतेरा कोटी फेऱ्या असल्यामुळे एका मिलिसेकंदाची किंमत दीड दिवस. १० मिलिसेकंद म्हणजे पावणेसोळा दिवस, १३ म्हणजे साडेवीस.

आणि हाच आकडा मुंबईत खरी गोष्ट सांगतो. सकाळी सातला १० दिसत होते आणि दुपारी तीनला १३ दिसताहेत, तर तुमची चिप तापून स्वतःच दमाने घेते आहे. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये तापमान बघा. इंटेलची बरीच डेस्कटॉप चिप १०० अंशांपर्यंत जाते आणि तिथे वेग तोडते. ऑक्टोबरात खोलीच ३३ अंशांवर असेल तर कंपनीच्या पंख्याला हरायला वेळ लागत नाही. यावर सर्वात स्वस्त इलाज विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्येच आहे : ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. इंटेलच्या बहुतेक मशीनवर त्याने टर्बो, म्हणजे चिपचा जादा वेग, बंद होतो. वॉट बऱ्यापैकी उतरतात, आणि अडथळा रॅमचा असल्यामुळे मिलिसेकंद त्या मानाने कमी वाढतात. एएमडीवाल्यांनी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) कमी विजेचा इको मोड शोधावा. मग कॅबिनेट उघडून हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा. रस्त्याकडेच्या घरात ती सहा महिन्यांत जाड रजई होते. चारपाच वर्षांची थर्मल पेस्ट वाळलेली असते. नवी वाटाण्याएवढी पुरे, पोळीला तूप लावल्यासारखी नको. मशीनसाठी म्हणून एसी लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड : शंभर वॉटची उष्णता बाहेर टाकायला एसी आणखी पंचवीस-तीस वॉट खातो. लॅपटॉपवर हे चोवीस तास चालवू नये असंच आमचं मत. चार्जर लावून उन्हाळाभर शंभर टक्क्यांवर तापत ठेवलेली बॅटरी फुगते. चालवायचंच असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर रोखा.

पावसाळ्याची भीती वाटते तेवढी नाही, चालू मशीन आतून कोरडं राहतं. त्रास बंद ठेवलेल्या मशीनला होतो, तोही समुद्राजवळ : खाऱ्या हवेने रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि मग चुका सुरू होतात. दुकानातला पोऱ्या स्टिक काढून खोडरबराने घासतो ते बरोबरच आहे. फक्त रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

चुकांचे निरोप नीट वाचायला शिका. ‘राउंडऑफ’ची तक्रार आली तर अर्थ असा : एफएफटी अपूर्णांकांत हिशेब करतो, उत्तरं पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवीत. एखादं उत्तर ०.४ इतकं लांब पडलं की ते कुठल्या पूर्णांकाचं यावरच शंका येते, कारण ०.५ म्हणजे अगदी अधांतरी. क्वचित एकदा आली आणि तेवढंच काम पुन्हा केल्यावर अगदी तोच आकडा आला तर दोष मशीनचा नाही, एफएफटीचा आकार काठावरचा आहे. वारंवार आणि वेगवेगळी आली तर हार्डवेअर. तेव्हा ‘ऑप्शन्स’मधून ‘टॉर्चर टेस्ट’ घ्या. ‘स्मॉल एफएफटी’त सगळं कॅशमध्ये मावतं, तिथे मशीन नापास झालं तर प्रोसेसर, व्होल्टेज किंवा उष्णतेकडे बघा. ते तासभर टिकलं आणि रॅमलाही राबवणाऱ्या ‘ब्लेंड’मध्ये नापास झालं तर बहुधा रॅम. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पुन्हा घ्या, मग एकेक स्टिक काढून. तरी उलगडलं नाही तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर. तिथेही सगळं ठीक निघालं तर जुन्या, स्वस्त पॉवर सप्लायवर संशय घ्या.

या तपासणीला वजन आहे. २०१६ साली इंटेलच्या स्कायलेक चिप ठराविक आकाराच्या प्राइम९५ च्या कामावर गोठतात हे गिम्प्सवाल्यांच्याच लक्षात आलं आणि इंटेलला बायोसमधून दुरुस्ती द्यावी लागली. त्याआधी १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातली प्रसिद्ध चूक थॉमस नाइसली यांनी पकडली, तीही जुळ्या मूळ संख्यांचा हिशेब करताना. सेकंडहँड मशीन घेताना दुकानातच अर्धा तास ब्लेंड चालवून बघा. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

वीज गेली तर? मूळ सेटिंगवर दर ३० मिनिटांनी प्रगती डिस्कवर जाते, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा तास वाया. मुंबईत लोडशेडिंग नाही, १२ ऑक्टोबर २०२० सारखा शहरभर वीज गेलेला दिवस विरळा, यासाठी वेगळा यूपीएस घ्यायची गरज नाही.

ग्राफिक्स कार्ड असेल तर हिशेब बदलतो. पीआरपी म्हणजे वरची मुख्य चाचणी जीपीयूवर मिहाई प्रेदा यांच्या जीपीयूआउलसारख्या प्रोग्रामने होते, पण तिला दुहेरी अचूकतेचं, म्हणजे जास्त अंकांपर्यंत नेमकं, गणित लागतं. गेमिंगच्या आरटीएक्स ३० मालिकेच्या कार्डांत ते एकेरी अचूकतेच्या गणिताच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या वेगाने चालतं. अशा कार्डाला एमफॅक्टसी हा प्रोग्राम देऊन अवयव शोधायला लावा. मर्सेन संख्येचा प्रत्येक अवयव घातांकाच्या दुपटीच्या कुठल्या तरी पटीत १ मिळवून येतो : वरच्या २०४७ चे (घातांक ११) अवयव बघा, २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. त्यामुळे उमेदवार पटापट गळतात, आणि एक अवयव सापडला की कुणाची तरी दोन आठवड्यांची वीज वाचते. हेच काम प्रोसेसरला देणं मात्र वेळेची नासाडी. प्रोसेसरकडे रॅम भरपूर असेल तर त्याने अवयव शोधायचीच पी वजा १ नावाची पद्धत घ्यावी. १६ जीबीपैकी चारेक जीबी ‘रिसोर्स लिमिट्स’मध्ये दिले नाहीत तर तिचा दुसरा टप्पा लंगडा होतो.

हाती काहीतरी लागावं अशी इच्छा असेल तर प्राइमग्रिडकडे वळा. घरोघरच्या कॉम्प्युटरांना संशोधनाचं काम वाटणाऱ्या बर्कलीच्या बोइंक या प्रणालीवर २००५ पासून चालणारा हा प्रकल्प आहे. तिथे कितीतरी वेगवेगळे शोध आहेत. लहान कामं कॅशमध्ये मावतात, तासाभरात उरकतात, आणि सापडलेली छोटी मूळ संख्या का होईना, तुमच्या नावावर लागण्याची आशा वर्षांत मोजता येते. मोठं हवं असेल तर ‘सेव्हंटीन ऑर बस्ट’ हा तिथलाच शोध आहे. त्याला २०१६ साली १०२२३ गुणिले २ चा ३,११,७२,१६५ वा घात अधिक १ ही ९३,८३,७६१ अंकी मूळ संख्या मिळाली. बोइंकमध्ये एक सापळा आहे : ‘सीपीयू टाइम’ ६० टक्के ठेवलं की चिप थोड्या थोड्या वेळाने धावते आणि थांबते, पंखा सतत वरखाली होतो. त्यापेक्षा वेळ १०० टक्के आणि कोअर निम्मे ठेवा.

तक्रारी आहेत. प्राइम९५ चं रूप नावाला साजेसं, विंडोज ९५ च्या काळातलं. मेनूंची भाषा इंग्रजी आणि तीही जाणकारांची. मदतीच्या टेक्स्ट फाइली उत्तम आहेत, पण त्या स्वतःहून उघडून वाचाव्या लागतात. ‘प्राइम’ सेटिंग फाइलमध्ये ‘पॉजव्हाइलरनिंग’ची ओळ घालून अमुक गेम चालू असताना थांब असं सांगता येतं, ही सोय एखाद्या बटणावर असायला हरकत नव्हती. प्रोसेस सर्वात खालच्या प्राधान्याने चालते, त्यामुळे टॅली किंवा ब्राउझर अडत नाही. व्हिडिओ एडिटिंगला मात्र रॅमची ओढाताण जाणवते.

ऑफिस किंवा कॉलेज लॅबच्या मशीनवर लेखी परवानगीशिवाय टाकू नका. अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीत १९९८ साली अडीच हजारांवर मशीनवर हे टाकणाऱ्याच्या दारात पोलिस तपास आला होता.

नको वाटलं तर नुसतं फोल्डर डिलीट करू नका. घातांक तुमच्या नावावर अडकून राहतो, आणि सर्व्हर तो परत काढून दुसऱ्याला देईपर्यंत पडून असतो. ‘अॅडव्हान्स्ड’ मेनूत ‘क्विट गिम्प्स’ आहे. हातातलं काम संपवून थांबायचं की लगेच सोडायचं ते तिथे विचारलं जातं. काम ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलं असेल तर संपवूनच थांबा. आणि पुराव्याची १५३ एमबीची फाइल पूर्ण अपलोड होईपर्यंत वायफाय बंद करू नका.